वखारीतून जंगलात आलेल्या अझहरला

अझहर, आधी माफी मागतो. तुझ्यावर लिहायचा हक्क माझा नाही. तीन वर्षं आपण एका वर्गात होतो, पण तुला मी खरं ओळखायला लागलो ते शेवटच्या सत्रात, सरांनी इंटर्नशिपसाठी जोड्या लावल्या आणि तुझ्या नावापुढं माझं नाव आलं तेव्हा. तुझे शाळेपासूनचे दोस्त आहेत, तुझी आपा आहे, विभागात माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारी मुलं आहेत. आमच्या घरातून माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलं नाही. गेलेल्या माणसावर कसं लिहितात, हे विचारायलासुद्धा घरात कोणी नाही. पण सर म्हणाले, "विभागाच्या अंकात तूच लिही. शेवटी तो तुझ्याबरोबर होता." मी नाही म्हणून आलो. आणि घरी आल्यावर हे लिहायला बसलो. कुठं चुकलं तर हसू नकोस. म्हणजे हस. हसलास तर फार बरं होईल.

लोक विचारतात, कसं झालं. मी सांगतो. सकाळी, खुलताबादच्या घाटात, समोरून ट्रक आला. अझहर गाडीवरून जंगलाकडं परत येत होता. हेल्मेट होतं. हेल्मेटचं मी आपणहून सांगतो, कारण सगळे पहिलं तेच विचारतात. सांगून झालं की मला वाटतं, मी दुसऱ्याच कुणाचं तरी सांगितलं. तू तर गुरुवारी आपल्या मुक्कामाच्या वनचौकीसमोर गाडीवर बसलेला आहेस, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली अडकत नाही म्हणून वैतागलेला आहेस, आणि मला म्हणतोयस, "शनिवारी येतो. तोवर माझ्या झाडाला हात लावायचा नाय." त्याच्या पुढचं माझ्या डोक्यात शिरतच नाही. काल मी सरांशी बोलताना "अझहर म्हणतो" असं म्हणालो. सरांनी मला दुरुस्त केलं नाही.

वनव्यवस्थापन शिकतो म्हटलं की लोकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात, वाघ दिसला का आणि नोकरी लागते का. शेंद्र्यात आमच्या अण्णांना कोणी विचारलं, पोरगं काय शिकतं, तर ते म्हणायचे, "झाडाचं." आमची निम्मी जमीन कंपन्यांच्या पट्ट्यात गेली आणि अण्णा त्यातल्याच एका कंपनीच्या गेटवर उभे राहतात. मी काय शिकतो ते त्यांना कळत नाही, पण त्यांनी कधी आडकाठी केली नाही. तुझं उलटं होतं. तुझ्या अब्बांना झाड चांगलंच कळत होतं, म्हणूनच ते तयार नव्हते. चितेगावला तुमची वखार. कंपन्यांना माल ठेवायला लागतात ती लाकडी पॅलेटं आणि खोकी तुमच्याकडून जातात. "मी भुशात रांगलो," असं तू सांगायचास. अब्बांची नक्कल तर तू पहिल्याच दिवशी करून दाखवलीस, मान तिरकी करून, एक डोळा बारीक करून: "उभे झाडां गिनने का पगार कौन देता रे? अपन आडे झाडां का धंदा करते."

तो पहिला दिवस. सामान जास्त होतं म्हणून एसटीनं निघालो होतो. कंडक्टरनं विचारलं, "कुठून?" मी म्हणालो संभाजीनगर, त्याच वेळी तू म्हणालास औरंगाबाद. तो तिकीट फाडता फाडता थांबला. "एकाच गाडीत बसलात ना दोघं?" तू म्हणालास, "सीट बी एकच हाय मामा, आता काय सांगू." सगळी गाडी हसली. मी लाजलो. मला गाडीत हसणं वगैरे जमत नाही, तुला माहीत आहे. कन्नड येईपर्यंत तू मला तुझ्या घरातलं सगळं सांगून मोकळा झाला होतास आणि मी तुला फक्त माझं गाव सांगितलं होतं. तेव्हापासून मी "शेंद्रेवाले".

आपल्याला काम मिळालं होतं जुन्या सागाच्या रोपवनात विरळणीसाठी झाडं निवडायचं. दाट झालेल्या रोपवनातली काही झाडं काढायची, म्हणजे उरलेल्यांना उजेड मिळतो आणि ती जाड होतात. त्याआधी प्रत्येक झाडाचा घेर छातीच्या उंचीवर टेप लावून मोजायचा. एकानं घेर मोठ्यानं सांगायचा, दुसऱ्यानं तोच आकडा मोठ्यानं परत म्हणायचा आणि मग लिहायचा, म्हणजे ऐकण्यात चूक होत नाही. तू सांगायचास, मी म्हणायचो. रानात दुसरा आवाज नसायचा. वाळलेली सागाची पानं पायाखाली कडकड वाजायची तेवढीच.

आणि पहिल्या दिवशीचे आपले सगळे आकडे चुकले. वनपाल मॅडमनी दुसऱ्या दिवशी सहज दोन-चार झाडांना टेप लावली तर प्रत्येकाचा घेर आपल्यापेक्षा जास्त. मॅडम म्हणाल्या, "एका रात्रीत वाढली काय रे झाडं?" इंटर्नशिप गेली असं वाटलं. तू टेपकडं बघत उभा राहिलास आणि मग कपाळावर हात मारून घेतलास. "मॅडम, मी साल वजा करत होतो." वखारीत लाकूड मोजताना सालीची जाडी सोडून सांगतात, लहानपणापासून तुझ्या तोंडातून आकडा तसाच निघत होता आणि तुझं तुलाच कळलं नव्हतं. मॅडम इतक्या हसल्या की त्यांना टेप सोडावी लागली. "अरे बाबा, झाड अजून जिवंत आहे. साल त्याच्या अंगावर राहू दे!" दिवसभराचं काम पुन्हा केलं. तू प्रत्येक आकड्याला ओरडायचास, "साल धरून!" आणि मी म्हणायचो, "साल धरून."

हे मी परवा तुझ्या अब्बांना सांगितलं. उस्मानपुऱ्यात तुझ्या घरी गेलो होतो. दारात चपलाच चपला. मला आत जावं की नाही कळेना. तुझ्या अम्मी दिसल्या नाहीत, आतल्या खोलीतून फक्त आवाज आला, "शेंद्रेवाला आया क्या? उसको खाना दो पहले." मला त्या नावानं ओळखतात हे मला माहीत नव्हतं. ताट समोर आलं. अब्बा शेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "उधर जंगल में वो दिनभर क्या करता था रे?" मी सालीचं सांगितलं. घाबरत सांगितलं, अशा घरात हे सांगावं का म्हणून. अब्बा ऐकत राहिले. आणि एकदम हसले. "साल छोड के बोला?" आजूबाजूच्या माणसांकडं वळून त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "जंगलात उभ्या झाडाची साल वजा केली त्यानं!" आणि त्या हसण्यातच त्यांचा चेहरा मोडला. मी ताटाकडं बघत बसलो. अझहर, मी चुकलो का सांगून? तू असतास तर सांगितलं असतंस.

तुझं आणि माझं एक भांडण अर्धं राहिलंय. विरळणी हा शब्द तू जंगलात शिकलास, मी शेतात. आई बाजरीची विरळणी करते तेव्हा मागं वळून बघत नाही. दोन रोपांत अंतर कमी दिसलं की एक उपटलं, पुढं. मला वाटलं होतं, वखारवाल्याचा मुलगा झाडावर खूण करायला मागंपुढं बघणार नाही आणि मला जड जाईल. झालं भलतंच. मी गेरूचा पट्टा मारत पुढं जायचो आणि तू मागं थांबलेला असायचास. "ह्याचं काय चुकलं?" "वाकडंय." "माझा चुलता बी वाकडाय, त्याला बी मारायचा का पट्टा?" मी म्हणायचो, "अरे, ह्याच्यामुळं शेजारचं सरळ झाड दबतंय." तू म्हणायचास, "तुम्ही शेतकरी लोक लई बेदर्द."

आणि ओढ्याकडच्या कडेला ते पिळाचं झाड. पिळलेल्या दोरीसारखं खोड. नियमानं ते निघायलाच हवं. तू त्याला पाठ लावून उभा राहिलास. तुझं म्हणणं असं की पिळाच्या लाकडाची फळी निघत नाही, पॅलेट होत नाही, वखारीत त्याला कोणी विचारत नाही. "जिसका बाजार में कोई नहीं, वो जंगल में तो रहे." मी म्हणालो, हे वाक्य चांगलं आहे पण अहवालात लिहिता येत नाही. तू म्हणालास, "तेच तर. तुझा अहवाल चुकीचाय." त्यावरून आपण जेवेपर्यंत बोललो नाही. तू खिचडीबरोबर चिंचेचा खट्टा केला होतास आणि मला वाढताना मुद्दाम पातेलं आपटलंस. नंतर मीच आधी बोललो, खट्ट्यात मीठ कमी आहे म्हणून. तू म्हणालास, "शेजारच्या सरळ माणसामुळं दबलं."

मला अजूनही वाटतं की माझं बरोबर होतं. तुझ्या तोंडावर सांगतो, ते झाड काढायला हवं. पण मॅडमनी नंतर विचारलं तेव्हा मी म्हणालो, त्याचं अजून ठरलं नाही. त्या "बरं" म्हणाल्या आणि पुढच्या झाडाकडं गेल्या. तू नसताना मी जिंकू शकत नाही, हे मला माहीत नव्हतं.

एक गोष्ट तुला बोलून दाखवायची राहिली. वनखात्याच्या रेंजच्या साहेबांसमोर कामाची माहिती सांगायची होती तेव्हा माझी वाचा बसली होती. सात-आठ माणसं खुर्च्यांवर, मी फळ्यापाशी, आणि पहिलं वाक्यच येईना. तू मागून उठलास आणि म्हणालास, "साहेब, यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या विरळणी चाललीय, हे तोंडी सांगतील, कागद नको." आणि खाली बसलास. मग मी आईची बाजरी सांगितली, आणि बाजरीवरून सागावर आलो, आणि बोलतच राहिलो. नंतर चहा पिताना तू त्यावर एक शब्द काढला नाहीस. मीही नाही. मला वाटलं, आहे की वेळ. मला आभार मानायला जमत नाही, कोणाचे मानलेले ऐकलेही नाहीत घरात. आता मानतो.

तुझं खरं काय अडलं होतं ते इथं लिहायला हवं, कारण बऱ्याच जणांना माहीत नाही. तुला कोकणातल्या वनमहाविद्यालयात पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळत होता. अब्बांनी मात्र तुला इंटर्नशिपपर्यंतच मोकळीक दिली होती. त्यानंतर वखार. मोठा भाऊ नाही, आपाचं लग्न झालेलं, अब्बांना हल्ली करवतीच्या आवाजानं ऐकू कमी येतं. "ते मला अडवत नाहीत रे," तू म्हणायचास, "त्यांना मीच एक हाय. म्हणून अवघड हाय." शुक्रवारी नमाजनंतर अब्बांशी बोलायचं तू ठरवलं होतंस. हो किंवा नाही, एकदाच. नाही म्हणाले तर परत विचारायचं नाही, असंही ठरवलं होतंस, आणि त्यावरूनही मी तुझ्याशी वाद घातला होता.

बुधवारी ओढ्याच्या खडकावर आपण त्याची तालीम केली. मी अब्बा झालो. मी मान तिरकी केली, डोळा बारीक केला आणि म्हणालो, "बोल." तू म्हणालास, "अब्बा असं लगेच बोल म्हणत नाहीत. आधी चहा मागवतात." मी चहा मागवला. तू खोटा चहा प्यायलास. मग म्हणालास, "अब्बा, दोन वर्षं." आणि थांबलास. मी अब्बा असल्यामुळं मला काही तरी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "दो साल वखार कौन देखेगा?" हे मी गमतीत म्हणालो, पण तुझा चेहरा बदलला. तू माझ्याकडं असं बघितलंस की मला अब्बा होणं सोडावंसं वाटलं. "हेच विचारतील," तू म्हणालास. "आणि मला उत्तर येत नाय." मग आपण दोघं उत्तर शोधत बसलो. उठताना तू म्हणालास, "जाऊ दे. खरं बोलतो. सांगतो, मला तिथं जायचंय. बस्स."

गुरुवारी तू गेलास. शुक्रवारी मी संध्याकाळी टेकडीवरच्या खडकावर गेलो, आपल्याला फोनला रेंज तिथंच मिळते. फोनवर एक काडीसुद्धा नव्हती. खाली वस्तीतला माणूस म्हणाला, टॉवर बंद पडलाय. मॅडम ट्रेनिंगला गेलेल्या, रेंज ऑफिसला शनिवार-रविवार कुलूप.

शनिवारी मी एकट्यानं काम केलं. टेप एका हातानं धरून मीच घेर सांगायचो आणि मीच परत म्हणायचो, आणि मला माझंच हसू यायचं. शिट्टीसुद्धा वाजवली, मला आठवतंय. दुपार झाली तरी तू आला नाहीस तेव्हा मला वाटलं, हो म्हणाले असतील, घरात गोडधोड चाललं असेल. दिवस कलायला लागला तसं वाटू लागलं, नाही म्हणाले. मग मला राग यायला लागला. तू एकदा तरी परत विचारायला हवं होतंस, असं मी तुला मनात सुनावत होतो. चार शब्द बोलला असशील आणि गप्प बसला असशील, असं. दोघांपुरता भात लावला होता, तो झाकून ठेवला. अझहर, तोवर तुला माती देऊन माणसं घरी गेली होती. मी ते दिवस आता कुठं ठेवू? तू नव्हतास आणि मी तुझ्यावर चिडलो होतो. शिट्टी वाजवत होतो. हे माझ्यापुढून हलत नाही. बाकी सगळं मी समजून घेईन असं वाटतं, हे नाही.

रविवारी दुपारी मी पुन्हा खडकावर चढलो. फोन वर धरून फिरत होतो आणि एकदम तो हातात थरथरायला लागला. टॉवर सुरू झाला होता. मेसेजवर मेसेज यायला लागले, त्यातला एकही वाचायच्या आत फोन वाजला. पडद्यावर तुझं नाव.

मी हॅलो म्हणालोच नाही. ओरडलो, "काय रे, कुठंयस तू? आधी सांग, हो म्हणाले का नाय अब्बा?"

पलीकडून काही आलं नाही. मला वाटलं, रेंज गेली. मी पुन्हा विचारलं, आणखी मोठ्यानं. हो म्हणाले का?

"बेटा," पलीकडून आवाज आला. तो तुझा नव्हता. "मैं अझहर का अब्बा बोलता."

मी म्हणालो, "जी." एवढंच.

"कल से लगा रहा मैं. तेरा फोन लगताच नहीं." मागं कोणी तरी बाई रडत होती, ते मी तेव्हा ऐकलं. "अझहर नहीं रहा बेटा. कल सुबह. घाट में. असर की नमाज के बाद मिट्टी दिये उसको."

ते बोलत राहिले, हळू, एकेक शब्द सावकाश.

"तू पूछा ना, मैं क्या बोला. हौ बोला मैं. जुम्मे को नमाज के बाद बोला, जा, सीख ले, वखार मैं देखता. इतना खूश हुआ वो. रातभर तेरे को फोन लगाया, लगा नहीं. सुबह उठा तो बोला, अब्बा, मैंच जाके बताता उसको."